साथीच्या काळात रुग्णाला भेटताना : रुग्णालयाचे नियम समजून घेण्यासाठी आणि पाळण्यासाठी मार्गदर्शक

२०१५ सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण कोरियातील सोल शहरात, एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एक रुग्ण सुमारे तीन दिवस होता. त्याला मर्स या श्वसनविकाराची लागण झाली आहे हे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. विभागात गर्दी होती आणि रुग्णांपाशी त्यांची घरची माणसे बसलेली होती. पुढे संसर्गाची साखळी शोधली गेली तेव्हा या एका रुग्णापासून ८२ जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांत ३३ रुग्ण होते, ८ आरोग्य कर्मचारी होते आणि उरलेले ४१ जण कोणाला तरी भेटायला किंवा कोणाच्या तरी सोबतीला आलेले होते. लागण झालेल्यांपैकी निम्मे लोक स्वतः उपचार घ्यायला आलेलेच नव्हते.

साथ आली की रुग्णालये सर्वप्रथम भेटीच्या वेळा का बंद करतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. भेटायला येणारा माणूस बाहेरून संसर्ग आत आणू शकतो आणि आतला संसर्ग घरी नेऊ शकतो. शिवाय कर्मचाऱ्यांना मिळते तसे प्रशिक्षण त्याला नसते. २००३ च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीतही रुग्णालयेच संसर्ग पसरण्याची मोठी केंद्रे ठरली होती. मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. कोविडच्या साथीत १४ देशांतील ६९ अतिदक्षता विभागांमधील २०८८ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांना डेलिरियम, म्हणजे तीव्र बोधभ्रम झाला होता. आणि ज्यांना घरच्यांची भेट प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर मिळत होती, त्यांच्यात हे प्रमाण कमी आढळले. भेट ही रुग्णाच्या उपचाराशीही जोडलेली गोष्ट आहे.

म्हणून या लेखात नियम मोडण्याच्या युक्त्या नाहीत आणि नियमापुढे मान तुकवून गप्प बसण्याचा सल्लाही नाही. नियमाच्या चौकटीत आपल्या माणसापर्यंत जितके पोहोचता येईल तितके पूर्णपणे कसे पोहोचावे, हे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे. कोविडच्या काळात माझी आई अठरा दिवस रुग्णालयात होती. त्या दिवसांत मला जे उशिरा कळले, ते इतरांना वेळेवर कळावे असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी : नियम नेमका काय आहे हे विचारून लिहून घ्या

साथीच्या काळात भेटीचा नियम एकच नसतो. विलगीकरण कक्षाचा नियम वेगळा, साध्या वॉर्डचा वेगळा, अतिदक्षता विभागाचा वेगळा आणि प्रसूती व बालरोग विभागांचा आणखी वेगळा असतो. रुग्णसंख्या वाढली की तो कडक होतो, उतरली की सैल होतो; कधी कधी एकाच आठवड्यात दोनदा बदलतो. त्यामुळे शेजाऱ्यांनी महिन्यापूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबून राहू नये. रुग्णालयाच्या चौकशी क्रमांकावर फोन करावा आणि ज्या विभागात आपला रुग्ण आहे त्या विभागाचा नियम विचारावा.

विचारताना "भेटता येईल का?" असा प्रश्न केला तर उत्तर बहुधा "नाही" असेच येते, कारण समोरच्या माणसाला दिवसभर तोच प्रश्न शेकडो जण विचारत असतात. त्याऐवजी प्रश्न नेमके असावेत. एका रुग्णासाठी किती व्यक्तींची नोंद करता येते? नोंदवलेली व्यक्ती नंतर बदलता येते का? भेटीची वेळ किती मिनिटांची असते? चाचणीचा अहवाल लागतो का आणि तो किती तासांच्या आतला असावा लागतो? एकदा बाहेर पडल्यावर त्याच दिवशी पुन्हा आत येता येते का? वस्तू देण्याची वेळ कोणती आणि त्या कोठे द्यायच्या? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, विशेष परिस्थितीत भेटीची परवानगी कोण देते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज लागणार नाही असे वाटले तरी ते आजच विचारून ठेवावे. मध्यरात्री गरज पडली तर ते नाव शोधत बसण्याइतका वेळ हाताशी नसतो.

मिळालेली माहिती एका वहीत तारीख, वेळ आणि माहिती देणाऱ्याचे नाव किंवा हुद्दा यांसह लिहावी. दारावरचा सुरक्षारक्षक नियम बनवत नाही आणि त्याला तो बदलताही येत नाही, हे लक्षात ठेवले तर दोन्ही बाजूंचा मनस्ताप वाचतो.

दुसरी पायरी : भेटीला कोण जाणार हे ठरवा

एकाच व्यक्तीला परवानगी असेल तर घरात सर्वांत मोठे कोण किंवा रुग्णाच्या सर्वांत जवळचे कोण, एवढ्यावरच निर्णय होऊ नये. जाणाऱ्या व्यक्तीची प्रकृती चांगली असावी. मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर तिने शक्यतो जाऊ नये. त्या साथीवर लस उपलब्ध असेल तर ती घेतलेली असावी. घरात तान्हे बाळ किंवा अतिवृद्ध माणूस असेल आणि त्यांची देखभाल हीच व्यक्ती करत असेल, तर दुसऱ्या कोणाचा विचार करावा. गाऊन आणि घट्ट मास्क घालून तासभर उभे राहण्याची तिची तयारी असावी, आणि डॉक्टर जे सांगतील ते शांतपणे ऐकून, समजून, बाकीच्यांना जसेच्या तसे सांगण्याची क्षमता असावी.

अशी निवड करताना मने दुखावतात. एका भावंडाला पास मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. ही बोलणी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने करावीत. आणि ज्याला आत जाता येत नाही त्याच्याकडे दुसरी खरी जबाबदारी सोपवावी, ती म्हणजे डॉक्टरांशी रोज फोनवर बोलण्याची. भेटणारा एक आणि फोनवर बोलणारा एक असे दोघे ठरलेले असले की परिचारिकेला एकाच रुग्णासाठी सहा जणांच्या सहा फोनना तेच ते उत्तर द्यावे लागत नाही आणि तिचा तेवढा वेळ रुग्णाला मिळतो.

तिसरी पायरी : निघण्यापूर्वी स्वतःला तपासा

प्रवेशद्वारावर ताप मोजला जातो, लक्षणे विचारली जातात आणि एक अर्ज भरून घेतला जातो. पण ही चाळणी विरळ असते. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरू शकतो आणि संपर्कानंतर लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा, क्वचित चौदा दिवसही लागू शकतात, असे दिसून आले. म्हणजे ताप नसणे हा निरोगी असल्याचा पुरावा नाही. ताप उतरवणारी गोळी घेऊन दारावरची तपासणी ओलांडणे हा तर आपल्याच माणसाच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णाशी केलेला अन्याय आहे. घसा खवखवतो आहे, अंग मोडून आले आहे, जुलाब होत आहेत किंवा घरात कोणी नुकतेच आजारी पडले आहे, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी जाऊ नये आणि अर्जात खरे तेच लिहावे. झटपट चाचणी नकारात्मक आली तरी लक्षणे असतील तर हाच नियम पाळावा, कारण संसर्गाच्या सुरुवातीला अशी चाचणी चुकू शकते.

चौथी पायरी : रुग्णासोबत काय द्यायचे

या पायरीवर मी थोडे अधिक थांबणार आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली.

आईला रुग्णवाहिकेतून नेले तेव्हा सगळे घाईत होते. कागदपत्रे घेतली, कपडे घेतले, औषधे घेतली. तिसऱ्या दिवशी फोनवर सांगण्यात आले की आई "काहीच प्रतिसाद देत नाहीत, विचारलेले त्यांना समजत नाही." आम्ही हादरलो. संध्याकाळी घरी तिच्या खोलीत गेले तेव्हा पलंगाशेजारच्या खणात तिचे श्रवणयंत्र दिसले, छोट्या निळ्या डबीत, बॅटरी काढून ठेवलेले. तिला मुळात ऐकूच येत नव्हते. एरवी ती समोरच्याचे ओठ पाहून अर्धे बोलणे समजून घेत असे; तेथे सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. तिच्या फाइलमध्ये मात्र तिला बोध होत नसल्याची नोंद झाली होती. डबी दुसऱ्या दिवशी पोहोचली आणि त्याच दुपारी तिने परिचारिकेला तिचे नाव विचारले.

म्हणून बॅग भरताना चष्मा, श्रवणयंत्र व त्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या आणि दातांची कवळी डबीसह आधी ठेवावी. त्यानंतर मोबाइल, लांब वायरचा चार्जर आणि मोबाइलच्या मागे चिकटवलेला, घरच्या दोन क्रमांकांचा कागद. प्रत्येक वस्तूवर रुग्णाचे पूर्ण नाव न पुसणाऱ्या शाईने लिहावे, कारण खाट बदलली की वस्तू मागे राहतात. दागिने, मोठी रोकड आणि हरवल्यास दुःख होईल अशी कोणतीही वस्तू घरीच ठेवावी. अतिदक्षता विभागात फुले सहसा स्वीकारली जात नाहीत. दिलेल्या वस्तूंची यादी करून तिचा फोटो काढावा.

आणखी एक कागद तयार करावा. एका पानावर, मोठ्या अक्षरांत, रुग्णाची ओळख लिहावी : त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कोणती भाषा नीट समजते, कोणत्या कानाने ऐकू येते, कोणत्या औषधांची किंवा पदार्थांची ॲलर्जी आहे, रोजची औषधे कोणती आणि किती, चालताना आधार लागतो का, रात्री दिवा लागतो का, आणि भीती वाटली की तो गप्प होतो की चिडतो. जे आपण खाटेशेजारी बसून सहज सांगितले असते ते सांगायला आता कोणी नसेल, हे डोळ्यांसमोर ठेवून हा कागद लिहावा. एक प्रत फाइलला जोडायला द्यावी आणि एक खाटेच्या डोक्याशी लावण्याची विनंती करावी.

पाचवी पायरी : दारापासून खाटेपर्यंत

घड्याळ, अंगठ्या, बांगड्या घरी काढून ठेवाव्यात आणि नखे कापलेली असावीत. केस बांधावेत, बाह्या कोपरापर्यंत सारता येतील असे कपडे घालावेत. रुग्णालयाने दिलेला मास्कच वापरावा. एन-९५ प्रकारचा मास्क हवेतील सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसला तरच. दाढी असेल किंवा कडा मोकळी राहिली तर हवा बाजूने आत येते. पुढे झडप असलेला मास्क घालून जाऊ नये, कारण त्यातून आपला उच्छ्वास गाळला न जाता बाहेर पडतो.

हात स्वच्छ करण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा बहुतेक जण देत नाहीत. सॅनिटायझर तळहात भरून घेऊन तो बोटांच्या मधे, अंगठ्यांभोवती आणि बोटांच्या टोकांना लावत २० ते ३० सेकंद चोळावा लागतो. साबण आणि पाण्याने हात धुताना संपूर्ण प्रक्रियेला ४० ते ६० सेकंद लागतात. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला जुलाब-उलट्या होत असतील तर साबण-पाणीच वापरावे, कारण अशा आजारांच्या काही जंतूंवर सॅनिटायझरचा परिणाम पुरेसा होत नाही.

आत गेल्यावर खाटेच्या कडेवर बसू नये, रुग्णाच्या खोलीतील स्वच्छतागृह वापरू नये, काही खाऊ-पिऊ नये आणि त्यासाठी मास्क खाली ओढू नये. शेजारच्या रुग्णाने पाणी मागितले तरी स्वतः उठून देऊ नये, परिचारिकेला सांगावे. हे कठोर वाटते, पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर संसर्ग जाण्याचा हाच सोपा मार्ग असतो आणि त्या रुग्णाला पाणी चालते की नाही हेही आपल्याला ठाऊक नसते. नळी टाकणे, कफ ओढून काढणे अशा प्रक्रिया सुरू होणार असतील तर बाहेर जाण्यास सांगितले जाईल. त्या वेळी हवेत सूक्ष्म तुषार मोठ्या प्रमाणात पसरू शकतात, म्हणून वाद न घालता लगेच बाहेर पडावे.

गाऊन, हातमोजे, फेस शील्ड हे सर्व घातले असेल तर धोका घालताना कमी आणि काढताना अधिक असतो. बाहेरची बाजू दूषित आहे असे धरूनच ते काढावे लागते. रुग्णालयाने भिंतीवर लावलेला क्रम पाळावा. सर्वसाधारणपणे आधी हातमोजे, मग गाऊन बाहेरची बाजू आत गुंडाळत, मग हात स्वच्छ करून फेस शील्ड किंवा संरक्षक चष्मा मागच्या पट्ट्याला धरून, आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क, तोही केवळ पट्ट्यांना धरून, काढला जातो. त्यानंतर पुन्हा हात स्वच्छ करायचे. पहिल्या भेटीच्या आधी परिचारिकेला "मी काढताना एकदा पाहाल का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. गरमीने जीव कासावीस झालेला असतो, डोळ्यांत पाणी असते आणि हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. चूक होते ती याच क्षणी.

सहावी पायरी : मिळालेली पंधरा मिनिटे

वेळ थोडा असतो आणि मास्कमुळे चेहरा दिसत नाही. आपण कोण आहोत हे रुग्णाला कळावे म्हणून जवळ जाताच आपले नाव आणि नाते मोठ्याने, सावकाश सांगावे. काही ठिकाणी कर्मचारी गाऊनवर स्वतःचा मोठा फोटो लावत असत. तसे करू देत असतील तर आपणही लावावा.

रुग्ण गोंधळलेला असेल तर त्याला आज कोणता वार आहे, सकाळ आहे की संध्याकाळ, तो कोठे आहे आणि कशासाठी आहे, हे साध्या वाक्यांत सांगावे. चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवावा, श्रवणयंत्र चालू आहे ना हे पाहावे. छतावर कोणी बसले आहे असे तो म्हणाला तर "असे काही नाही" म्हणून वाद घालू नये आणि "हो, आहे" असेही म्हणू नये. "तुम्हाला भीती वाटते आहे, मी येथे आहे, तुम्ही रुग्णालयात सुरक्षित आहात," एवढे पुरते. हातमोजा घालून का होईना, हात हातात धरावा. घरातल्या अडचणी, कोण आजारी पडले, कोण रागावले, हे विषय पूर्ण टाळावेत.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. पुढची भेट किंवा फोन केव्हा होईल हे रुग्णाला निश्चित सांगावे, आणि जेवढे पाळता येईल तेवढेच सांगावे. दुसरे म्हणजे, एरवीच्या मानाने काही वेगळे दिसले असेल, उदाहरणार्थ बोलणे अडखळते आहे, एक पाय सुजला आहे, खाल्लेले गिळता येत नाही, तर ते परिचारिकेला सांगावे. रुग्ण एरवी कसा असतो हे आपल्यालाच ठाऊक असते.

परतल्यावर कपडे थेट धुवायला टाकावेत, अंघोळ करावी आणि मोबाइल व चष्मा पुसून घ्यावा. पुढचे दिवस लक्षणांवर लक्ष ठेवावे आणि काही जाणवले तर चाचणी करून रुग्णालयाला स्वतःहून कळवावे.

सातवी पायरी : भेट पूर्णपणे बंद असेल तेव्हा

साथ शिगेला असताना असे होते. तेव्हा संपर्काची एक ठरलेली घडी बसवावी. डॉक्टर सहसा किती वाजता माहिती देतात आणि परिचारिकांची पाळी केव्हा बदलते, हे विचारावे. पाळी बदलण्याच्या अर्ध्या-पाऊण तासात फोन करू नये. फोन करणाऱ्या व्यक्तीने वहीत रोज तेच पाच प्रश्न समोर ठेवावेत : ऑक्सिजन कालच्यापेक्षा जास्त लागतो की कमी, ताप आहे का, खाणे-पिणे किती झाले, शुद्ध आणि बोलणे कसे आहे, आणि उद्या काय करण्याचे ठरले आहे. रोज तेच प्रश्न विचारल्याने प्रकृतीचा कल कळतो. एका दिवसाच्या आकड्यावरून तो कळत नाही.

व्हिडिओ कॉलसाठी रुग्णाला मोबाइल धरता येत नसेल तर परिचारिकेकडे दहा मिनिटांची वेळ आधी मागून घ्यावी. घरच्यांनी आळीपाळीने बोलावे, सगळ्यांनी एकदम नव्हे. खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहऱ्यावर उजेड असावा. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाला पाहण्यापूर्वी तेथे नेमके काय दिसेल, नळी कोठे असेल, चेहरा सुजलेला असेल का, हे आधी विचारून घ्यावे आणि लहान मुलांना समोर बसवायचे की नाही हे त्यावरून ठरवावे. रुग्ण बेशुद्ध किंवा गुंगीत असला तरी कानाशी फोन धरण्याची विनंती अवश्य करावी. त्याला काहीही ऐकू येत नाही असे गृहीत धरू नये. दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रित निरोप करून ठेवले तर परिचारिकेला सवड मिळेल तेव्हा ती ते लावू शकते.

आठवी पायरी : अपवाद मागणे

बहुतेक रुग्णालयांच्या नियमांत अपवादाची तरतूद असते. ती फलकावर लिहिलेली नसते एवढेच. प्रसूतीसाठी आलेली स्त्री, लहान मूल, मृत्यूच्या उंबरठ्यावरील रुग्ण, स्मृतिभ्रंश किंवा तीव्र बोधभ्रम असलेली व्यक्ती, ज्याला संवादासाठी ओळखीच्या माणसाची मदत लागते असा अपंग रुग्ण, आणि ज्याची भाषा तेथे कोणाला येत नाही असा रुग्ण, ही त्यांतील प्रमुख उदाहरणे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला तिच्या पसंतीची एक व्यक्ती सोबत असू द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि कोविडच्या काळातही ती कायम होती. काही ठिकाणी कायद्यानेही बदल झाले. अमेरिकेतील काही राज्यांनी २०२१ पासून रुग्णाजवळ कोणीतरी असण्याच्या हक्काचे कायदे केले, तर इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार अपवादात्मक परिस्थिती वगळता रुग्णालयांना भेटीची सोय करून द्यावी लागते. आपल्या भागात असा नियम आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

विनंती तोंडी करावी आणि लगेच लेखीही द्यावी. तिच्यात रागाचा शब्द नसावा. रुग्णाची गरज, आपली तयारी आणि नेमकी मागणी, एवढेच असावे. नमुना असा :

"माननीय वैद्यकीय अधीक्षक, आपल्या विभाग क्रमांक अमुक येथे माझी आई दाखल आहे. तिला ऐकू कमी येते आणि कालपासून ती गोंधळलेली आहे. ओळखीचा आवाज ऐकल्यावर ती औषध घेते, असा आमचा अनुभव आहे. रोज एकदा अर्धा तास, केवळ मला एकटीला, तिच्याजवळ बसण्याची परवानगी मिळावी ही विनंती. मी लस घेतलेली आहे, आपण सांगाल ती चाचणी आणि संरक्षक साधने यांचे पालन करीन, अन्य कोणत्याही रुग्णाजवळ जाणार नाही आणि संसर्गाची जोखीम मला समजलेली आहे. परवानगी देणे शक्य नसल्यास त्याचे कारण आणि फेरविचार केव्हा होईल हे कळवावे."

अखेरचे वाक्य सोडू नये. नकार आला तरी तो कशामुळे आला, संरक्षक साधनांचा तुटवडा आहे, खोलीत जागा नाही की रुग्णाची अवस्था तशी आहे, हे कळल्याशिवाय पुढचे काही मागता येत नाही. साधनांचा तुटवडा असेल तर काचेच्या दारातून पाहू देता येईल का, असे विचारता येते. जागा नसेल तर वेळ बदलून मागता येते. आजच्या नकाराची मुदत किती, हे विचारून त्या दिवशी पुन्हा अर्ज करावा.

नववी पायरी : रुग्णाची अवस्था गंभीर झाली तर

याविषयी लिहिणे जड जाते, पण सर्वांत जास्त पश्चात्ताप लोकांना येथेच होतो. कृत्रिम श्वसनयंत्रासाठी घशात नळी टाकण्यापूर्वी रुग्णाला गुंगीचे औषध दिले जाते आणि त्यानंतर कित्येक दिवस बोलता येत नाही. म्हणून प्रकृती ढासळू लागल्याचे पहिल्यांदा कळेल त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून ठेवावे की नळी टाकण्याची वेळ आली आणि पाच मिनिटे हाताशी असली, तर आम्हाला फोन लावून द्यावा. ही विनंती फाइलमध्ये लिहून घेण्यास सांगावे, कारण रात्रीच्या पाळीतील डॉक्टर वेगळे असतील. या फोनची वाट पाहत असताना घरातला ठरलेला मोबाइल कधीही बंद, मूक किंवा व्यस्त राहू देऊ नये.

अखेरच्या भेटीची परवानगी मागायची असेल तर ती लवकर मागावी. "शेवटच्या क्षणी" भेट देण्याचा नियम अनेक ठिकाणी असतो, पण तो क्षण डॉक्टरांनाही अचूक सांगता येत नाही. तासांऐवजी दिवस उरले आहेत असे डॉक्टरांना वाटत असेल, तेव्हाच ही भेट व्हावी असा आग्रह धरावा, म्हणजे रुग्णाला ती कळण्याचीही शक्यता राहते. अत्यंत घातक संसर्गातही मार्ग निघतो, याचे उदाहरण आहे. २०१८ पासून काँगोतील इबोलाच्या साथीत पारदर्शक भिंतींच्या उपचारखोल्या वापरल्या गेल्या. घरची माणसे भिंतीपलीकडे उभी राहून रुग्णाला पाहू आणि त्याच्याशी बोलू शकत होती. आपल्या रुग्णालयात अशी खोली नसेल, पण दाराला काच, बाहेरून दिसणारी खिडकी किंवा खाटेजवळ ठेवता येणारा फोन असतोच, आणि तो मागता येतो.

आत जाता आले तर कोणी काय बोलायचे हे आधी ठरवून जाऊ नये. क्षमा मागायची असेल तर मागावी, आभार मानायचे असतील तर मानावेत, घरच्यांचे निरोप नावानिशी सांगावेत. न येऊ शकलेल्यांसाठी फोन चालू ठेवून खाटेवर ठेवता येतो. रडू आले तरी मास्क काढू नये. भिजलेला मास्क बदलून मिळतो, त्यासाठी बाहेर येऊन परिचारिकेला सांगावे आणि पुन्हा आत जावे.

मृत्यू झाल्यास देह ताब्यात देण्याचे, तो पाहण्याचे आणि अंत्यविधीला किती जणांनी यावे याचे नियम त्या वेळच्या प्रशासनाने ठरवलेले असतात. ते वॉर्डात न विचारता रुग्णालयाच्या संबंधित कार्यालयात विचारावेत. चेहरा पाहू देतील का, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा, कारण न विचारल्यास बऱ्याचदा ते आपोआप सुचवले जात नाही. रुग्ण बरा होऊन घरी येवो अथवा न येवो, त्याच्या वस्तू आधी काढलेल्या यादीच्या फोटोशी ताडून घ्याव्यात. पिशवी घरी हातमोजे घालून उघडावी, कपडे कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात साबणाने धुवावेत, चष्मा, श्रवणयंत्र आणि मोबाइल निर्जंतुक करणाऱ्या ओल्या पुसणीने पुसून कोरडे करावेत, आणि मोबाइल पुन्हा वापरात घेण्यापूर्वी त्यातले फोटो, निरोप आणि ध्वनिमुद्रणे दुसरीकडे जपून ठेवावीत.